एकुलत्या एकाच्या बहिणीचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, न्यायालयातील लघुलेखक पदावरून निवृत्त, राहणार याच घरात, हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतः टाइप करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणता येईल इतके जवळ येऊन बसणारे आता कोणी उरलेले नाही. जन्मभर मी इतरांचे बोलणे शब्दशः उतरवून घेतले. हे माझे स्वतःचे बोलणे आहे, आणि तेही मलाच उतरवून घ्यावे लागत आहे.

कलम १. मी कोण

माझे आईवडील हयात नाहीत. पती हयात नाहीत. आम्हाला मूल झाले नाही. रक्ताच्या नात्यात सर्वांत जवळचा माझा सख्खा थोरला भाऊ. हे वाक्य त्याला वाचून दाखवावे, कारण त्याच्या तोंडून ते कधी ऐकलेले नाही.

जन्मतःच माझा वरचा ओठ दुभंगलेला आणि टाळू फाटलेली होती. ओठ लहानपणी धर्मादाय दवाखान्यात शिवला गेला, तो घाईघाईने. टाळू तशीच राहिली. त्यामुळे माझे शब्द नाकातून येतात. 'प' म्हणायला गेले की 'म' निघतो. पाणी मागितले की 'माणी' ऐकू येई. भावाने तेच माझे नाव पाडले, आणि घरात तेच रूढ झाले.

पाहुणे आले की आई म्हणायची, "माणी, आत." आत म्हणजे मागची खोली. तिथे पेट्या, जुन्या गाद्या आणि एक मोडका पाळणा होता. दार लोटलेले असे, पण बैठकीतले सगळे ऐकू येई. कोणी विचारले, "मुलं किती?" की आई म्हणे, "आम्हाला एकच. मुलगा." पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, माझे नाव घ्यायला ती विसरली. नंतर कळले की ती विसरत नव्हती.

भाऊ 'एकुलता एक' म्हणून वाढला. त्याचे लग्नही एकुलता एक म्हणूनच जमले. लग्नाच्या दिवशी मला घर राखायला मागे ठेवले होते. वहिनीला माझा पत्ता लागला तो घरात आल्यावर, मागच्या खोलीत उशी शोधायला गेली तेव्हा. ती दचकली. तिला मी दोष देत नाही.

कलम २. आत्या आणि बचत

वडिलांची बहीण, म्हणजे माझी आत्या, नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली. ती पुस्तके बांधण्याच्या कारखान्यात छापील ताव घड्या घालायच्या कामावर होती. मला ज्या शाळेत घातले होते तिथल्या मुख्याध्यापिकेने तिला बोलावून घेतले. वडील गेले नाहीत, म्हणून आत्या गेली. मी तिचा हात धरून उभी होते.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हिने तोंड उघडलं की वर्ग हसतो. कोणाचाच अभ्यास होत नाही."

आत्या म्हणाली, "मग हसणाऱ्यांना घरी पाठवा."

"ते पुष्कळ आहेत. ही एकटी आहे."

बाईंचा हिशेब बरोबर होता. मला घरी पाठवण्यात आले.

त्यानंतर आत्या कारखान्यातून खराब झालेले ताव आणू लागली. वाकडे छापलेले, शाई सांडलेले, अर्धेच उमटलेले. त्यांवर मी वाचायला शिकले. माझे शिक्षण असे अर्ध्या पानांवर झाले. पुष्कळ गोष्टींचा शेवट मला आजही ठाऊक नाही. वडील म्हणायचे, "हिला शिकवून कोणाला दाखवायचंय?" आत्या दिवा माझ्या बाजूला सरकवत असे.

मी बाहेरून परीक्षेला बसले. तोंडी परीक्षेत कविता म्हणायची होती. परीक्षक पहिल्या ओळीलाच म्हणाले, "बस, बस," आणि शून्य दिले. लेखी गुणांवर मी तरीही पास झाले. पुढे आत्याने मला लघुलेखनाच्या वर्गात घातले. मला त्या वर्गासारखी जागा जन्मात दिसली नव्हती: एकाने बोलायचे आणि बाकी सगळ्यांनी मुकाट्याने लिहायचे. तिथे मीही इतरांसारखीच होते, आणि इतरांपेक्षा भरभर लिहीत होते.

न्यायालयातील नेमणुकीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारले, "तुमचं बोलणं हे असं. कोर्टात कसं निभावणार?" मी म्हटले, "साहेब, कोर्टात बोलणारे पुष्कळ आहेत. मी लिहायला आलेय." हे मला तीनदा सांगावे लागले. तिसऱ्यांदा त्यांना कळले, आणि त्यांनी मला घेतले. नेमणुकीचा कागद घरी आला तेव्हा आत्याला जाऊन वर्ष होत आले होते. भावाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "माणीला? कोर्टात? चूक झाली असेल."

आत्याला मी आता काही देऊ शकत नाही. म्हणून माझ्या बचतीचा अर्धा भाग, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या मुलींच्या शुल्कासाठी व पुस्तकांसाठी, आत्याच्या नावाने राखून ठेवावा. अट एकच. मदत मागायला आलेल्या मुलीची तोंडी मुलाखत घेऊ नये. अर्ज लेखी घ्यावा आणि पुस्तके पुरी द्यावीत. उरलेल्या अर्ध्याची व्यवस्था कलम ६ मध्ये केली आहे.

कलम ३. पतीची हत्यारे

न्यायालयातले टाइपरायटर दुरुस्त करायला एक माणूस येत असे. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. माझ्या यंत्राची एक कळ अडकत होती. कोणती ते मी सांगितले. त्याला कळले नाही. इतरांना कळत नसे तेव्हा ते मान हलवत आणि भलतेच काहीतरी करत, किंवा शेजारच्या टेबलाकडे बघून "काय म्हणतायत या?" असे विचारत. मिस्त्री म्हणाला, "यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नाही. परत सांगता?"

मी परत सांगितले. तो कळ काढून घेऊन गेल्यावर माझ्या लक्षात आले की यंत्र टेबलावर उघडे पडले होते, आणि खोलीतले दुसरे एकही यंत्र चालू नव्हते.

पुढे माझे यंत्र वारंवार बिघडू लागले. कचेरीला ते खरे वाटले.

आम्ही लग्न करायचे ठरवल्यावर भाऊ मिस्त्रीला दुकानात जाऊन भेटला. त्याने सांगितले, "तुमची फसवणूक व्हायला नको म्हणून आलो. ती काय बोलते ते कोणालाच कळत नाही." मिस्त्रीने हातातले काम खाली ठेवले नाही. तो म्हणाला, "पहिले काही दिवस मलाही कळत नव्हतं. मग लक्ष देऊन ऐकायला लागलो." एवढेच करायचे होते. भावाला त्यासाठी सबंध बालपण मिळाले होते.

लग्नानंतर माझ्या टाळूचे ऑपरेशन झाले. त्या वयात फार फरक पडेल असे नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. आम्ही दोघांनीही ते न ऐकल्यासारखे केले. बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी घरी येऊन 'पाणी' म्हणून पाहिले. 'प' आला नाही. 'म'ही आला नाही. मधलेच काहीतरी आले. मिस्त्रीने पेला भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मला कळलं ना? मग झालं." त्या दिवशी मी त्याच्यावर फार चिडले. मला त्याला कळायला नको होते. मला रस्त्यावरच्या कोणालाही कळायला हवे होते.

त्याच्यावर चिडायला जागा होती, हे सुख मला इतर कोणाबरोबर लाभले नाही. त्याच्या छातीच्या दुखण्याने ते संपवले.

मिस्त्रीची सर्व हत्यारे, बारीक पेचकस, चिमटे, तेलाची कुपी आणि ब्रश, तळमजल्यावरच्या घड्याळवाल्याला द्यावीत. तो ती वापरेल. माझ्या भावाचा मुलगा ती शोभेसाठी काचेच्या कपाटात ठेवायला मागत होता. त्याला देऊ नयेत.

कलम ४. माझा टाइपरायटर, आणि रुमालाविषयी

न्यायालयात मी तोंडावर रुमाल धरून वावरत असे. सगळ्यांना वाटे, मला सर्दीचा त्रास आहे. एकदा आमच्यापुढे जमिनीच्या वादात एक बाई साक्षीला आली. तिची टाळू माझ्यासारखीच होती. ती बोलू लागली तसे विरुद्ध बाजूचे वकील मागे वळून हसू लागले. न्यायाधीश म्हणाले, "सावकाश बोला." ती सावकाश बोलली, आणि सावकाश बोलल्याने हसू जास्त आले. मी लिहीत होते. तिचा शब्द न् शब्द मला कळत होता, आणि तिने माझ्याकडे पाहू नये असे मला वाटत होते.

साक्ष संपल्यावर नियमाप्रमाणे ती वाचून दाखवायची होती. वाचून दाखवणारा कारकून त्या दिवशी आला नव्हता. न्यायाधीश माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्हीच वाचा."

मी उभी राहिले. बाई पिंजऱ्यातून माझ्या तोंडाकडे बघत होती. रुमाल धरून वाचता येत नाही. कागदाला दोन हात लागतात. मी रुमाल टेबलाच्या खणात टाकला आणि वाचायला सुरुवात केली. वकील परत हसले, आता दोघींना मिळून. मी थांबले नाही. मध्ये एकदा बाईने हात वर करून म्हटले, "असं नाही, मी 'बांध' म्हणाले." मी चूक सुधारली आणि पुढे वाचले. शेवटी न्यायाधीशांनी विचारले, "बरोबर आहे?" ती म्हणाली, "हो. माझंच आहे."

निकाल तिच्या विरुद्ध गेला. या हकिकतीचा गोड शेवट नाही. पण रुमाल मी खणातून परत काढला नाही. धीर आला म्हणून नव्हे. जे तोंड त्या बाईला चालले ते मला का चालू नये, याचे उत्तर मला सापडले नाही, एवढेच.

हे मृत्युपत्र ज्या यंत्रावर टाइप केले तो टाइपरायटर मिस्त्रीने मला जोडून दिला होता. तो ज्या लघुलेखनाच्या वर्गात मी शिकले त्या वर्गाला द्यावा. वर्ग बंद झाला असल्यास कलम ६ मधील मुलीला द्यावा.

कलम ५. आईचे कपाट

आईला पक्षाघात झाला आणि तिची वाचा गेली. म्हणजे आवाज राहिला, शब्द गेले. भावाच्या घरी ती काय म्हणते ते कोणाला कळेना. ती चिडे, भांडी फेकी. भाऊ तिला माझ्याकडे घेऊन आला, तिच्या लाकडी कपाटासकट. दारातच म्हणाला, "तुला कळेल ती काय म्हणते."

मला कळत होते. पहिल्याच दिवशी कळले. ती म्हणत होती, "त्याला बोलाव." मी त्याला निरोप दिला. तो दोनदा आला. पुढची चार वर्षे ती रोज तेच म्हणत राहिली, आणि मी रोज तिला न्हाऊ घालत, भरवत, तेच ऐकत राहिले. मला काय ऐकायचे होते ते या कागदावर लिहिण्याची गरज नाही. ते ती म्हणाली नाही.

तिची एक जुनी मैत्रीण भेटायला आली होती. माझ्याकडे बघून तिने आईला विचारले, "ही कोण गं?" आई काहीतरी बोलली. मैत्रिणीला कळले नाही. ती मला म्हणाली, "काय म्हणाली ती?"

कोणाचेही बोलणे जसेच्या तसे सांगणे हा माझा व्यवसाय. मी सांगितले, "त्या म्हणाल्या, कामाला ठेवलेली बाई आहे."

मैत्रीण म्हणाली, "बरी मिळाली हो. हल्ली अशी माणसं मिळत नाहीत."

आईचे लाकडी कपाट, आतल्या कपड्यांसह, भावाला द्यावे. एकुलत्या एक मुलाचा त्यावर पूर्ण हक्क आहे. कपाट जड आहे; ते खाली नेण्याचा खर्च त्याने करावा.

कलम ६. घर

राहते घर, दोन खोल्या व सज्जा, मी आणि मिस्त्री यांनी आमच्या कमाईतून घेतले. त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही. मागच्या उन्हाळ्यात भावाचा मुलगा मोजपट्टी घेऊन आला होता. "सहज, आत्या," असे म्हणत त्याने बैठकीची खोली मोजली. मी सज्ज्यात कपडे वाळत घालत होते. मला ऐकू येत नाही असा त्याचा समज आहे. बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही, असे पुष्कळांना वाटते. तो फोनवर म्हणाला, "मधली भिंत काढली की ऑफिस होईल." भिंत निघणार नाही.

हे घर व बचतीचा उरलेला अर्धा भाग मी माझ्या भाचीच्या मुलीला देते. भाची म्हणजे भावाची मुलगी. तिची ही मुलगी आता नऊ वर्षांची आहे. सगळे तिला गोटी म्हणतात.

गोटी जन्मली तेव्हा तिचाही ओठ दुभंगलेला होता. भाचीने मला दवाखान्यात बोलावले. का, ते तिने सांगितले नाही. खोलीत भाची, भाऊ आणि मी होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारले, "घराण्यात आधी कोणाला असं होतं का?"

भाऊ म्हणाला, "नाही. आमच्याकडे असलं कोणालाच नाही."

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. भाची जमिनीकडे बघत होती.

मी म्हटले, "मला आहे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. "तुम्ही कोण?"

"मुलीच्या आईची आत्या. ह्यांची सख्खी बहीण."

बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाला, "चार लोकांत बोलायची गरज होती का?" मी म्हटले, "डॉक्टरांना लागतं ते." तो म्हणाला, "तुला कायम स्वतःचंच पडलेलं असतं." त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. त्याने पुन्हा मला नाकारले म्हणून नाही. त्या मुलीच्या उपचारापेक्षा त्याला स्वतःच्या घराण्याची अब्रू मोठी वाटली म्हणून.

गोटीचा ओठ आणि टाळू, दोन्ही वेळेवर नीट झाले. बोलणे थोडे नाकातून येते. भाची दर रविवारी तिला माझ्याकडे सोडते आणि स्वतः खाली थांबते. गुडघे माझे गेलेत, जिना तिला चढवत नाही. आम्ही दोघी आरशासमोर बसून 'प' आणि 'ब' म्हणतो. तिचे माझ्यापेक्षा चांगले येते, आणि ती ते लपवत नाही.

एकदा ती म्हणाली, "आत्याआजी, तुझा ओठ कोणी शिवला? वाकडा शिवलाय."

"घाईत होता शिवणारा."

"माझा बघ कसा सरळ आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आई म्हणते, तुझ्याकडे येते ते आजोबांना सांगायचं नाही."

"का?"

"माहीत नाही. मी सांगणार आहे."

तिने सांगितले की नाही, मला ठाऊक नाही. पण वर्गात ती हात वर करते. मुले हसतात तेव्हा ती त्यांचे हसणे थांबेपर्यंत वाट बघते आणि मग उत्तर देते. हे तिला मी शिकवलेले नाही. मला येतच नव्हते.

हे घर तिला देताना एक अट घालावी असे माझ्या मनात आले होते. ताबा देण्यापूर्वी भावाने 'मृत ही माझी सख्खी बहीण होती' असे लिहून सही करावी, नाहीतर घर दुसरीकडे जावे. मी तसे टाइपही केले होते. मग तो कागद फाडला. त्याने सही केली नसती, आणि मुलीचे घर गेले असते. इतका भरवसा मी त्याच्यावर टाकू शकत नाही. म्हणून अट नाही. गोटी सज्ञान होईपर्यंत घराची देखभाल व्यवस्थापकाने करावी. भाचीला मुलीसह येथे राहायचे असेल तर राहू द्यावे. मात्र तिने जिना चढून वर यावे आणि दारावर आपले नाव लावावे. गोटीला पुढे घर विकायचे असल्यास तिने खुशाल विकावे. माझ्यासाठी ते जपू नये.

बचतीतून तिचे शिक्षण व्हावे. तिला वक्तृत्वाच्या स्पर्धेत जायचे असेल तर कोणी अडवू नये. तिला मुळीच बोलायचे नसेल, तरी अडवू नये.

कलम ७. व्यवस्थापक

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी न्यायालयातली जुनी सहकारी, आता वकिली करणारी, हिने करावी. मी त्या बाईची साक्ष वाचून दाखवली त्या दिवशी ती हसली नव्हती.

कलम ८. शेवटचे बोलणे

माणूस जाताना नातेवाईक भोवती जमतात, आणि नंतर त्याने शेवटी काय म्हटले ते लोकांना सांगतात. माझे बोलणे चांगल्या प्रकृतीतही फार थोड्यांना कळत असे. त्या वेळी मी काय म्हणाले हे ज्याला जसे सोयीचे तसे तो सांगेल. म्हणून आजच, शुद्धीत असताना, लिहून ठेवते.

मी भावाला क्षमा केलेली नाही. आईलाही नाही. त्यामुळे माझी झोप उडालेली नाही आणि भूक कमी झालेली नाही. स्वतःशी मी केव्हाच समेट केला आहे. तो करायला त्या दोघांना माफ करावे लागले नाही. शेवटच्या क्षणी मी भावाचे नाव घेतले, त्याचा हात धरला, किंवा सगळे विसरले असे म्हटले, असे जर कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याला नम्रपणे विचारावे की तुम्हाला ते कळले कसे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः टाइप केला, स्वतः मोठ्याने वाचला आणि साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

(सही)
लिहून ठेवणार

साक्षीदार
१. (सही) निवृत्त परिचारिका, राहणार समोरच्या घरात. बाईंनी संपूर्ण मृत्युपत्र मला वाचून दाखवले. मला सर्व कळले.
२. (सही) कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. मला दोन ठिकाणी कळले नाही. मी परत विचारले. त्यांनी परत सांगितले.

स्थळ: राहते घर, बैठकीची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३, सोमवार